लाल ट्रॅक्टरचा अर्थ

कीर्तनात चाल आधी कळते, अर्थ मागून लागतो. कधी कधी तर घरी जाऊन हातपाय धुताना. तळवलीच्या देवजींना तो कार्तिकातल्या एका रविवारी भर दुपारी लागला, आणि तोही ट्रॅक्टरखाली उताणं पडून.

ट्रॅक्टर म्हणजे नांगरटीचा दांडगा नव्हे. बसक्या चाकांचा, पोटाखाली गवत कापायची पाती असलेला, बागेतला. नवं शहर वसवायला शेतं गेल्यावर देवजी रस्त्यापलीकडच्या एका कंपनीत माळी म्हणून लागले. पुढे कंपनीनं हिरवळ मोडून तिथं गोदाम बांधलं, तेव्हा हे लाल परदेशी बाळ त्यांनी घरी आणलं. तेव्हापासून दर वर्षी सप्ताहाआधी देवळापुढचं मैदान देवजीच कापत. मग तिथं मांडव पडायचा आणि पहिल्या रांगेत देवजी टाळ घेऊन उभे. आपण कापलेल्या जागेवर हरिनाम चालतं, एवढ्यावर या माणसाचं वर्ष निघायचं.

यंदा दसरा झाला आणि ट्रॅक्टर रुसला. चावी फिरवली की आतून नुसतं 'टक'. कोपरखैरण्याच्या कमळाकर वायरमननं खाली न वाकताच निदान केलं, "स्टार्टर जळला, काका. याचा पार्ट आपल्याकडं मिळत नाय."

देवजींच्या मिथुनला तेवढंच हवं होतं. तो अंगणात भाड्याच्या दोन खोल्या काढत होता. फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्या होत्या आणि ट्रॅक्टर नेमका दुसऱ्या खोलीच्या मधोमध उभा होता.

"बाबा, पोपटचा टेम्पो चारला येतोय. भंगारात देऊन टाकू."

"आरं, सप्ता धा दिसांवर आला. मैदान कोन कापनार?"

"मशीन मागवू भाड्यानं. तू टेन्शन घेऊ नको."

देवजी रेघ ओलांडून ट्रॅक्टरपाशी गेले. "चारच्या आदी चालू झाला तर?"

मिथुन हसला. "झाला तर ऱ्हाऊ दे. खोली सरकवू. पन धक्का मारून नाय हां! चावीवर."

जेवणं उरकतात तोच हौसेराव आले. मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला आणि सप्ताहात देवजींच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणारे टाळकरी. त्यांच्या पिशवीत पान्यांबरोबर टाळही असायचे.

बॉनेटवर सुकलेलं झेंडूचं तोरण होतं. ते बघून हौसेराव म्हणाले, "पूजा झ्याक झालीया की!"

"पुतळा असती तर अजून झाली असती," देवजी म्हणाले. बायको फाल्गुनात गेली होती. "ती नाय, म्हनून यंदा मी काय कमी पडू दिला नाय. वायरीबियरी सोडून आंघोळ घातली त्याला."

"मोटर जळली म्हंतोय त्यो कमळाकर? बगूया. बत्ती लावा, देवजीबाबा."

बत्ती लख्ख लागली.

"आता बत्ती तशीच ठिवून चावी फिरवा."

टक! आणि बत्ती गपकन विझली. चावी सोडली, पुन्हा लख्ख.

हौसेरावांनी स्टार्टरचे बोल्ट सोडले, मोटर बाहेर काढून मातीत ठेवली, पायाखाली दाबून धरली आणि दोन जाड वायरींनी थेट बॅटरीला जोडली. मोटर अशी गरगरली की कोंबड्या कुंपणापार पळाल्या.

"जळलीय म्हनं! कमळाकरचं डोस्कं जळलंय."

मोटर पुन्हा जागी बसवली. चावी फिरवली. टक.

तीन वाजून गेले होते. हौसेराव एकेक वायर बोटानं चाचपत मागे सरकले, बॅटरीपाशी थांबले आणि मान हलवून पुटपुटले, "अर्थ लागत न्हाई."

देवजींचा चेहराच पडला. हौसेरावांसारख्या जाणत्याला अर्थ लागत नाही, म्हणजे संपलंच. त्यांनी बॉनेटवरचं तोरण सोडायला घेतलं. देवाघरचं फूल भंगारात जायला नको.

"आवं, काय करताय?"

"ऱ्हाऊ द्या, हौसेराव. तुमालाच अर्थ लागत नाय, तर…"

हौसेराव इतके हसले की पाना हातातून पडला. "आवं बाबा, त्यो कीर्तनातला अर्थ न्हवं! बॅटरीची काळी वायर हाय न्हवं, ती ट्रॅक्टरच्या अंगाला जोडत्यात, तिला अर्थ म्हंत्यात, अर्थिंगचा अर्थ! टाळाची एकच वाटी वाजवून नाद हुतो व्हय? लाल वायरीतनं करंट जातो, त्यानं काळीतनं माघारी याया पायजे. बत्तीपुरता येतोय, मोटरीपुरता न्हाई. कुटंतरी अडतंय. खाली शिरा आन् ती कुटं जोडलीय ते बगा."

देवजी उताणे खाली शिरले. काळी वायर मागच्या बाजूला एका जाडजूड बोल्टाला जोडलेली होती. तो बोल्ट बघितला मात्र, आणि त्यांना सगळं समजलं.

पुतळा त्या बोल्टाला मारुती म्हणायची. दर दसऱ्याला वाकून, वरच्यावर एक बोट तेल-शेंदूर लावायची, बस. यंदा देवजींनी काय केलं? बोल्ट काढला, वायर बाजूला केली, खालच्या लोखंडावर मनोभावे बोटभर जाड शेंदूर थापला आणि वायर त्याच्यावर बसवून बोल्ट आवळला. बायकोची उणीव भरून काढायला गेले आणि करंटच्या वाटेत देव बसवून आले.

"हौसेराव," खालून आवाज आला, "माझीच चूक हाय. भक्ती जास्त झाली."

पॉलिश पेपर हातात आला, पण हात पुढे होईना. पुतळाच्या मारुतीला खरवडायचं कसं?

"देव पुसायचा न्हाई, बाबा," हौसेराव हलकेच म्हणाले. "नुसता वाटंतनं उटवून मखरात बसवायचा. आधी वायर, मग शेंदूर."

देवजींनी घासायला घेतलं. शेंदराचे पापुद्रे छातीवर पडत होते, डोळ्यांत पाणी येत होतं; ते धुळीचंच, असं समजू. लोखंड चांदीसारखं उघडं झालं. त्यावर वायर बसली, त्यावर बोल्ट आवळला गेला.

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. पुढे मिथुन, मागे दोरखंड घेऊन पोपट.

"काय बाबा, झाला काय तुजा?"

देवजी सरळ घरात गेले. देव्हाऱ्यातला शेंदूर बोटावर घेऊन आले, पुन्हा वाकले आणि बोल्टाच्या डोक्यावर एकच बोट टेकवलं. पुतळा टेकवायची तसं. मग सीटवर बसून त्यांनी चावी फिरवली.

'टक' ऐकूच आलं नाही. ट्रॅक्टर एकदम खाकरला, काळा धूर सोडला आणि टाळांच्या लयीत धडधडू लागला. हौसेरावांनी पिशवीतून खरंच टाळ काढले.

मिथुन खाली वाकून बोल्टाकडे बघत होता. ओला शेंदूर थरथरत होता. "आईचा मारुती," तो स्वतःशीच म्हणाला. उभा राहिला आणि चपलेनं फक्कीची रेघ पुसू लागला.

"आरं, मंग मी काय रिकामाच जाऊ?" पोपट दोरखंड सावरत ओरडला.

"चाय पिऊन जा," मिथुन म्हणाला, "आनि फाटकातला टेम्पो आदी मागं घे. बाबाला मैदानात जायचाय."