पुसलेला चार

मी जळकी हाय. आधीच सांगून टाकते, म्हंजे नंतर कुणी म्हणायला नको की वर्षाराणीनं लपवून ठेवलं.

उचगावात माझी पिठाची गिरणी हाय. समोर रस्ता ओलांडला की नुजहत शिकलगारचं शिवणकामाचं दुकान. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, मला अक्का म्हणते. तिला सुडोकू शिकवलं कुणी? मी. लॉकडाऊनात गिरणीला परवानगी होती, तिच्या दुकानाला न्हवती. घरात करमत न्हाय म्हणून ती दळण घेऊन यायची आणि पिठाच्या धुरळ्यात स्टुलावर बसून राहायची. मी पेपरातलं कोडं सोडवत असायची. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या, नऊ चौकटी, प्रत्येकात एक ते नऊ एकदाच. एवढं सांगायला मला पाच मिनिटं लागली आणि तिला कळायला दोन. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

दोन वर्षांत बाई माझ्या पुढं. साधं कोडं तिला पुरंना. फोनवर बघून कुठली कुठली वेगळ्या नियमांची कोडी कागदावर उतरवून आणायची. एकात दोन्ही तिरक्या रेघांवरबी एक ते नऊ एकदाच यायला पाहिजेत, एकात बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीवर तोच आकडा चालत न्हाय, असलं काय काय. आणि सोडवायची कशी, तर रंगानं. माझी पद्धत सरळ, अडलं की एक आकडा ठोकून बघायचा, चुकला की खोडायचा. ती खोडरबरला हात लावायची न्हाय. एखाद्या आकड्याला एका ओळीत दोनच घरं उरली की एक घर पिवळं, दुसरं हिरवं. पिवळं खरं असंल तर हिरवं खोटं, हिरवं खरं असंल तर पिवळं खोटं. मग तिथनं पुढं, परत दोन घरं, परत रंग. असं रंगवत गेलं की कुठंतरी दोन पिवळी घरं एकाच ओळीत आडवी येतात. एका ओळीत तोच आकडा दोनदा कसा बसंल? म्हंजे पिवळा खोटा, सगळी हिरवी खरी. एकदम आठ-धा घरं भरायची ती.

शिवणाऱ्या बाईला रंग कळणारच की, त्यात काय एवढं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मग तिनं मलाबी रंगपेन्सिलींची पेटी आणून दिली आणि समोर बसून शिकवलं. जिला मी शिकवलं तिनं मला शिकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिकले मात्र, कारण पद्धत खरंच भारी होती.

बाया दळण टाकायच्या माझ्या गिरणीत आणि कौतुक करायच्या तिचं. नुजहतनं असं केलं, नुजहतचं डोकं बघा. मी हूं हूं करत चाळण मारायची. तिला काय बोलायची न्हाय, कारण ती रोज दुपारी माझ्याच स्टुलावर येऊन बसायची आणि ती आली न्हाय तर मला दिवस जायचा न्हाय. हे दोन्ही खरं हाय. लोकांना वाटतं जळणाऱ्या माणसाला माया नसते.

मागल्या वर्षी ती स्वतः कोडी रचायला लागली. ब्लाउज बेतायच्या खाकी कागदावर घरं आखायची, आकडे मांडायची. आता कोडं रचलं की त्याला उत्तर एकच पाहिजे. दोन उत्तरं आली की ते कोडं बाद, सोडवणाऱ्यानं तर्कानं जायचं कुठं मग? फोनवर ते तपासून मिळतं म्हणं, पण हिला ते पटायचं न्हाय. माणसानं सोडवून बघितलं पाहिजे, म्हणायची. ते माणूस म्हंजे मी. तिची सगळी कोडी मी तपासली, दोनदा चुका काढल्या, आणि त्या दोन दिवशी मला जेवण गोड लागलं.

तेवढ्यात धैर्यशील सरनोबत सर उपटले. कोल्हापुरात एक वाचनालय हाय, त्याचे ते चिटणीस. बायकोचे ब्लाउज न्यायला आलते, तिच्या टेबलावर कोडं दिसलं, उभ्या उभ्या अर्धा तास बघत बसले. वाचनालयाची सुडोकू स्पर्धा होणार होती. शेवटच्या फेरीचं कोडं तुम्हीच द्या, म्हणाले. चांगलं झालं तर शहरातल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पानावर दर आठवड्याला तिचं कोडं, नावासकट. संपादक त्यांचे मित्र होते. रस्त्याच्या ह्या बाजूला एक गिरणी हाय आणि तिथं एक बाई वीस वर्षं सुडोकू सोडवतेय, हे त्यांना कोण सांगणार? नुजहतनं सांगितलं, खोटं कशाला बोलू. पण सरांनी नुसती मान हलवली आणि गाडीला किक मारली.

तिनं तिरक्या रेघांचं कोडं रचलं आणि माझ्याकडं आणून दिलं. दुपारी लाइट गेली, गिरणी बंद पडली, मी दारात उजेडाला बसून सोडवायला घेतलं. काय कोडं होतं ते. मधेच एका ठिकाणी रंगांची अशी साखळी लागली की मी एकटीच हसले. मग परत पोटात दुखायला लागलं, कारण असलं मला सात जन्मात जमलं नसतं.

शेवटी चार घरं राहिली. चौथी आणि सहावी आडवी ओळ, दुसरी आणि पाचवी उभी. चारी घरांत चार न्हायतर सात. मी दोन पिवळी केली, दोन हिरवी केली. पिवळ्यात चार घातला, सगळं बसलं. हिरव्यात चार घातला, तरीबी सगळं बसलं. तिरक्या रेघा त्या घरांवरनं जातच नव्हत्या. तीनदा बघितलं. दोन उत्तरं.

कागद उजेडात तिरका धरला तर चौथ्या ओळीतल्या दुसऱ्या घरात पुसलेला चार दिसला. मला लगेच कळलं. आधी तिनं तो चार दिला होता आणि कोडं पक्कं होतं. पण डावी बाही उजवीसारखीच पाहिजे, ही तिची सवय. उजव्या अंगाला त्या जागी आकडा नव्हता, म्हणून डाव्या अंगाचा पुसला, कोडं दोन्हीकडनं सारखं दिसावं म्हणून. शिवणारी बाईच असली चूक करणार.

एक हाक मारायची होती. रस्ता काय वीस फुटाचा. नुजे, तो चार परत घाल, एवढंच. ती म्हणाली असती, अक्का वाचवलंस. आणि मग दर रविवारी तिचं नाव छापून आलं असतं, बायांनी ते पान माझ्याच गिरणीत आणून मला दाखवलं असतं.

मी त्या चार घरांचे रंग खोडरबरनं घासले, वरनं शाईनं आकडे लिहिले आणि कागद तिला नेऊन दिला. बरोबर हाय, म्हणाले. तिनं माझा हात दाबला. त्या रात्री मला झोप लागली, हेबी सांगून ठेवते.

स्पर्धा रविवारी सकाळी होती. आम्ही दोघी रिक्षानं गेलो. तिनं नवा ड्रेस शिवला होता, आणि मलाबी त्याच कापडाचा ब्लाउज. हॉलमध्ये शंभरेक माणूस. शेवटच्या फेरीला पाच जण राहिले, त्यांना आणि आम्हा बघणाऱ्यांनाबी कोड्याचा छापील कागद वाटला. वर लिहिलेलं, रचना : नुजहत शिकलगार. त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तपासणी : वर्षाराणी चौगुले. मला तिनं सांगितलंच नव्हतं. बघ की, म्हणून माझ्याकडं बघून हसत होती. मी कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

दोघांनी जवळजवळ एकदमच हात वर केला. एक आदर्श नावाचा इंजिनीअरिंगचा पोरगा आणि एक गारगोटीचे हंबीरराव गुरुजी, रिटायर झालेले. सरांनी उत्तराशी ताडून बघितलं आणि आदर्शचं नाव पुकारलं. गुरुजी जाग्यावरनं उठले. माझं चुकलंय कुठं ते दाखवा, म्हणाले. कुणाला दाखवता येईना. शेवटी अडल्यावर एकानं चार ठोकला होता, एकानं सात, आणि दोघांचंबी बरोबर. मग काय, कोल्हापूरच ते. मागनं आवाज यायला लागले, असलं कोडं काढलंय कुणी, तपासलं का न्हाय, एवढ्या लांबनं आम्ही काय झक मारायला आलो व्हय.

सरांनी नुजहतला पुढं बोलावलं. तिनं पर्समधनं मी तपासलेला कागद काढला आणि बघायला लागली. मी तिसऱ्या रांगेत. पेन्सिलीचा रंग घासून पुरा जातोय व्हय? तिनं कागद डोळ्याजवळ नेला, मग खिडकीकडं तिरका केला. पिवळी दोन घरं आणि हिरवी दोन. तिच्या लक्षात आलं ते मला इथनं दिसलं. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय, नुसतंच बघितलं.

सरांनी विचारलं, "तपासणाऱ्या बाईंच्या ध्यानात आलं नाही का हे?"

"आलं होतं," नुजहत म्हणाली. "अक्कानं मला सांगितलं होतं, दोन उत्तरं येतात म्हणून. मीच ऐकलं न्हाय. चूक माझी हाय."

सगळा हॉल माझ्याकडं वळला. सर माझ्याजवळ आले, खरं हाय का म्हणून विचारलं. शंभर माणसं बघत होती. मी म्हणाले, "व्हय."

बक्षीस दोघांत वाटून दिलं आणि कार्यक्रम कसातरी उरकला. निघताना सरांनी मला बाजूला घेतलं. नजर पाहिजे तर अशी, म्हणाले, पानाचं काम तुम्हीच घ्या. नुजहत चार पावलांवर चपला घालत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. मी न्हाय म्हणायला पाहिजे होतं. तोंडातनं निघालं, बघते. म्हंजे व्हयच की.

रिक्षात आम्ही शेजारी बसलेलो, एकाच कापडातल्या. शिरोली नाक्याच्या अलीकडं माझ्यानं राहवंना. खोटं का बोललीस, म्हणून विचारलं.

"एकीची अब्रू गेली तेवढी बास झाली, अक्का. दोघींची कशाला घालवायची?"

एवढंच बोलली आणि बाहेर बघत बसली. मला वाटलं होतं ती भांडंल, रडंल, शिव्या देईल. त्यातलं काय केलं असतं तर मलाबी तोंड उघडता आलं असतं. पण ही बाई चांगुलपणातबी माझ्या पुढं निघाली आणि मी परत मागंच.

त्या दिवसापासनं ती स्टुलावर येत न्हाय. दळण न्यायला येते, डबा घेते, कसं हाय विचारते आणि जाते. दुपारी तिच्या दुकानात तहरीम म्हणून एक कॉलेजची पोरगी बसलेली असते, दोघी एका कागदावर वाकून रंगवत असतात. मला माझ्या दारातनं सगळं दिसतं. मी पूर्वी नुजहतवर जळायची, आता तहरीमवर जळते.

पानाला कोडं शुक्रवारी द्यावं लागतं. आपली चूक आपल्याला दिसत न्हाय, तपासायला माणूस लागतं. पहिल्या आठवड्याला मी तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा जाऊन कागद तिच्या मशीनवर ठेवला. तिनं मशीन थांबवून तो घेतला. संध्याकाळी परत दिला तेव्हा दोन ठिकाणी खुणा होत्या, आणि त्या दोन्ही चुका खऱ्या होत्या. तेव्हापासनं दर आठवड्याला असंच चाललंय. कागद द्यायचा, कागद घ्यायचा. बाया रविवारचं पान गिरणीत आणतात, वर्षाराणीचं डोकं बघा म्हणतात, आणि समोर मशीन चालू असतं.

बाराव्या आठवड्याला मी मुद्दाम कोड्यात भोक ठेवलं. खालच्या अंगाला चार घरं अशी ठेवली की दोन आणि नऊ कसेबी फिरवा, बसणारच. वरनं दिसायचं न्हाय असं ठेवलं. मला बघायचं होतं. ती गप्प बसली तर पेपरात माझी शोभा झाली असती, शंभर न्हाय, हजारो माणसांसमोर. व्हायला पाहिजे होती. मग मी तिच्याकडं जाऊन म्हणाले असते, झालं ना आता, फिट्टंफाट, चल स्टुलावर ये.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं कागद आणून दिला. चारी घरं रंगवलेली, दोन पिवळी, दोन हिरवी, आणि त्यातल्या एकात दोन लिहिलेला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, अक्का, हितं दोन उत्तरं येतात, हा दोन दे म्हंजे बसंल.

मी दारात कागद धरून उभी राहिले. एकदा, फक्त एकदा तिनं गप्प बसायला पाहिजे होतं. न्हाय बसली. मी तिच्या हाताचा तो दोन शाईनं पक्का केला आणि कागद पेपराकडं पाठवून दिला. रविवारी माझ्या नावानं कोडं छापून आलं, त्यात एकबी चूक नव्हती.