अव्वाला होईल की

जुळे सोलापुरातल्या बिराजदारांच्या घरी जेवायच्या टेबलावर चार ताटं मांडली जात, आणि कमलम्माच्या ताटाशेजारी एक लॅपटॉप उघडून ठेवला जाई. नवख्या पाहुण्याला वाटायचं, जेवतानासुद्धा काय हे कॉम्प्युटरचं वेड! मग सून पूनम सासूकडे बोट दाखवून सांगायची, "अव्वांचे कान हायत ते."

खरंच ते कान होते. नवरा चन्नप्पा गेला त्याच वर्षी कमलम्माला मोठा ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. कानात घालायचं यंत्र आणलं, त्यात नुसती घरघर व्हायची. दोन वर्षं बाई भिंतीकडे बघत जेवली. मग नात शिवानीनं बापाचा कपाटात पडलेला जुना लॅपटॉप काढला आणि त्यावर एक वेबसाइट लावून दिली. समोर कुणी बोललं की त्याचं बोलणं पडद्यावर ठळक अक्षरांत उमटायचं. मराठी बोला, मराठी उमटेल; एक बटण दाबलं की कन्नड. कमलम्मा अक्कलकोटच्या कन्नड शाळेत शिकलेली, दोन्ही वाचायची.

एका रात्री असंच जेवण चाललं होतं. बँकेतून थकून आलेल्या संगमेशनं, तिच्या मुलानं, भाकरीचा तुकडा मोडला आणि बायकोकडे बघून हळूच पुटपुटला, "आज भाकरी कुणी केल्यात? करपल्यात की सगळ्या."

पडद्यावर अक्षरं उमटली.

"मी केल्यात," कमलम्मा म्हणाली. "नको असंल तर ठेव. गाईला घालते."

शिवानीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. "पप्पा, अज्जीसमोर आता पुटपुटायचं पण न्हाय हां!"

कमलम्माही हसली. चारचौघांत सगळ्यांच्या बरोबर हसायला मिळणं काय असतं, ते ज्याचे कान गेलेत त्यालाच विचारा. बाकीचे हसून झाल्यावर, कारण न कळता, उगीच दात दाखवायचे नि मनात म्हणायचं, मला हसले नसतील ना? ते दिवस तिनं काढले होते.

दुपारी घरात कुणी नसलं की अक्कलकोटहून धनलक्ष्मीचा फोन यायचा. ही तिची धाकटी बहीण, लाडानं 'धनी'. शाळेचं तोंड न पाहिलेली, नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा महेश्वर पुण्याला नोकरीत. कमलम्मा आपला साधा बटणांचा फोन मोठ्यानं लावून लॅपटॉपपुढे ठेवायची. धनलक्ष्मी अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायची, पडदा बिचारा गोंधळून भलतंच काहीतरी लिहायचा आणि मग या दोघी त्यावरच हसत बसायच्या. तो तास म्हणजे कमलम्माचा दिवस होता. बाकीचा वेळ तिनं नुसता ढकलायचा.

आता या घरातली एक रीत सांगते. याच घरातली कशाला, तुमच्या-माझ्या घरातलीही आहे. घरात नवं काही आलं की जुनं आईच्या खोलीत जातं. नवा टीव्ही आला, जुना आईला. नवा पंखा आला, खडखडणारा आईला. मोबाइल, चादरी, चष्म्याची डबीसुद्धा. आणि वर सगळे म्हणतात, "चांगलं चालतंय की अजून, अव्वाला होईल की!" पूर्वी विधवेला घरातलं विटलेलं लुगडं द्यायचे, ते आपण भाषणांत फार नावं ठेवून सांगतो. लुगडं गेलं, रीत कुठं गेली? आता ती चार्जरसकट येते.

पण विटलेलं लुगडं निदान फाटेपर्यंत नेसता यायचं. कॉम्प्युटरचं तसं नाही, हे कमलम्माला त्या जूनमध्ये कळलं.

एका सकाळी पडद्यावर कुणीच न बोललेलं एक वाक्य आलं. वेबसाइट म्हणत होती, तुमचा ब्राउझर जुना झाला, नवा घ्या. शिवानीनं नवा घ्यायला बघितला, तर तो म्हणाला, आधी कॉम्प्युटरची मूळ सिस्टिम नवी करा. सिस्टिम नवी करायला गेली, तर कंपनीनं सांगितलं, या मॉडेलला आता आमच्याकडून काही मिळणार नाही. संपलं. एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि मधे बसलेली बाई बहिरी.

संगमेश तो लॅपटॉप नवी पेठेत दुरुस्तीला घेऊन गेला. दुकानातले सोहेबभाई खोलून बघून म्हणाले, "साहेब, मशीन एकदम ठणठणीत हाय. बॅटरी पण चांगली हाय. कंपनीनंच हात वर केलेत, त्याला मी काय करू? ठेवून जावा, दुसरी सिस्टिम टाकून बघतो. जमंल न जमंल, पण बघतो."

"किती दिवस लागतील?"

"बघाय लागंल की. तुमचा तो कन्नडचा प्रकार चालतो का न्हाय, ते करून बघूनच कळंल."

संगमेशला तेवढी खटपट नको होती; लॅपटॉप तसाच घेऊन तो परत आला. तो वाईट मुलगा नव्हता, हो. आईची औषधं कधी चुकवली नाहीत त्यानं. पण घरी येऊन त्यानं पाटीवर लिहावं तसं कागदावर लिहून आईला दाखवलं: 'मशीन चांगलं आहे, कंपनीनंच बंद केलंय. दिवाळीत मी नवा लॅपटॉप घेणार आहे. माझा आताचा तुला होईल. तोवर थांब.'

कमलम्मानं मान हलवली. आईनं दुसरं काय करायचं असतं?

पहिले काही दिवस शिवानी जेवताना आपला मोबाइल तिच्यापुढे धरायची. पण मोबाइलवर सारखे मेसेज यायचे, हात दुखायचा, मग परीक्षा आली. पूनम कागदावर लिहायची, तेही हळूहळू 'जेवा', 'औषध घ्या', 'झोपा' एवढ्यावर आलं. माणसाशी बोलणं आणि जनावराला हाकणं यात फरक असतो, आणि तो फरक शब्दांच्या संख्येतच असतो. टेबलावर पुन्हा तिघं बोलायची आणि चौथी भिंतीकडे बघायची. धनलक्ष्मीचा फोन यायचा, थरथरायचा आणि थांबायचा. उचलून करायचं काय? कमलम्मा तो हातात धरून थरथर थांबेपर्यंत बसायची.

बहिरी माणसं एक युक्ती शिकतात. समोरचा थांबला की मान हलवायची. तो हसला की हसायचं. आणि सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर द्यायचं, कारण म्हातारीला लोक दुसरं काही विचारतच नाहीत. कमलम्माचं उत्तर ठरलेलं होतं, "बरं हाय की, सगळं बरं हाय."

गणपती उठल्यावर एका दुपारी धनलक्ष्मी स्वतःच आली. अक्कलकोटहून एसटीनं, पुढं रिक्षा करून, गुडघे धरत तीन जिने चढून. पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. घरी कमलम्मा एकटीच. दोघी बहिणी गळ्यात पडल्या. मग धनलक्ष्मी पलंगावर बसली आणि अक्काचा हात हातात घेऊन बोलू लागली. अक्काचे ते लिहिणारे कान बंद पडलेत, हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. लॅपटॉप कोपऱ्यात होता. तिला वाटलं, चालू असेल. दुपारचे फोन अक्का का उचलत नाही, हेच तर विचारायला ती आली होती.

ती काय बोलली ते कमलम्माला कळलं नाही. तुम्हाला सांगते.

"अक्का, मला एकटीला घर खायला उठतंय गं. महेश पुण्याला बोलावतोय, पण तितं माझं कोण हाय? तू चल माझ्यासंगं. दोघी राहू. माडीवर तुझ्यासाठी खाट टाकलीया. तुझं फोन न उचलणं बघून मला वाटलं, तुला कंटाळा आला माझा. तसं असंल तर सांग, मी राग न्हाय धरणार. न्हायतर चल. येतीस का?"

आणि ती थांबली. डोळे भरून बहिणीकडे बघत राहिली.

कमलम्माला ते भरलेले डोळे दिसले. तिला वाटलं, धनी माझी काळजी करतेय, विचारतेय, कशी हायस? बहिणीला आपल्या रडगाण्याचा भार कशाला? तिनं तोंडभर हसून धनलक्ष्मीचा हात थोपटला.

"बरं हाय की गं हितं. सगळं बरं हाय मला. तू काळजी करू नको."

धनलक्ष्मीनं हात हळूच सोडवून घेतला. चहा घेतला. साडीच्या पदरानं तोंड पुसलं आणि पाचच्या गाडीनं परत गेली. गॅलरीतून कमलम्मा ती रिक्षात बसेपर्यंत हात हलवत होती. धनलक्ष्मीनं वर बघितलं नाही. उन्हामुळं दिसलं नसेल, असं कमलम्माला वाटलं.

दसऱ्याच्या आधी धनलक्ष्मी गेली. सकाळी दूध घालणाऱ्यानं दार वाजवलं, दार उघडलं नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं.

कमलम्माला ते कागदावर कळलं. 'धनलक्ष्मी मावशी वारल्या.' तीन शब्द. तिनं कागद उलटून बघितला, मागं आणखी काही आहे का म्हणून.

दिवाळी आली. संगमेशचा नवा लॅपटॉप आला आणि ठरल्याप्रमाणे त्याचा जुना पाडव्याला जेवणाच्या टेबलावर आईपुढे मांडला गेला. शिवानीनं तीच वेबसाइट लावली, अक्षरं मोठी केली. संगमेश कौतुकानं म्हणाला, "बघ अव्वा, चांगला चालतोय की अजून. तुला होईल." पडद्यावर ते जसंच्या तसं उमटलं. कमलम्मानं वाचलं आणि किती महिन्यांनी मुलाचा आवाज ऐकावा तसं तिचं तोंड उजळलं.

त्या दिवशी महेश्वर आला होता. आईच्या वर्षात सण नसतो, पण मावशीच्या पाया पडून जावं म्हणून पुण्याला जाताना थांबलेला. कमलम्मा त्याच्या आईची थोरली बहीण, म्हणून तो तिला दोड्डव्वा म्हणायचा. पानावर बसला, पण घास गिळेना. शेवटी म्हणाला, "दोड्डव्वा, एक विचारू का? राग मानू नका."

कमलम्मानं पडद्यावर वाचून मान हलवली.

"आई तुम्हाला न्यायला आली होती ना? माडीवर खाट टाकली होती, नवी गादी भरून घेतली होती. तुम्ही नाही म्हणालात. म्हणालात, इथं सगळं बरं हाय. आई परत आली ती माडीचं दार लावूनच बसली. मला फोनवर म्हणाली, अक्काला माझी गरज न्हाय. तुम्ही यायला पाहिजे होतं, असं मी म्हणत नाही. पण दोन दिवस तरी..."

अक्षरं एकेक ओळ करत उमटली आणि वर सरकली. कमलम्मानं पडद्यावर बोट ठेवलं, जणू त्यानं ती थांबतील.

"तिनं मला चल म्हणून इचारलं व्हतं?"

"हो. तुमच्या खोलीत बसून."

"मला ऐकू आलं न्हाय रे," कमलम्मा म्हणाली. "मला वाटलं, कशी हायस इचारतीया. मी गेले असते. मी त्याच गाडीनं गेले असते."

महेश्वरनं तोंड झाकून घेतलं. पूनमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. संगमेश काहीतरी बोलला, फार हळू, पण पडद्यानं तेही लिहिलं: 'अव्वा मशीन जुनं होतं त्याला कोण काय करणार.'

"मशीन बिघडलं न्हवतं, संगू. चालतं मशीन त्यांनी बंद केलं. आन् तू म्हणालास, दिवाळीपतोर थांब. मी थांबले. धनी थांबली न्हाय."

मग ती शिवानीकडे वळली. "हे जे मला दिलंय, त्याच्याकडं कंपनी किती वर्सं बघणार? शोध जरा."

शिवानीनं मोबाइलवर शोधलं. सापडलं तेव्हा तिला ते मोठ्यानं वाचवेना. "पुढच्या वर्षीपर्यंत, अज्जी."

"म्हंजे पुढच्या वर्सी मी परत बहिरी." कमलम्मानं लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी मुलाच्या ताटापाशी सरकवला. "हे नको मला. सगळ्यांचं वापरून झालेलं मी आजवर घेतलं, एका शब्दानं बोलले न्हाय. माझ्या पेन्शनीतनं नवं घेते. आन् घेताना इचारून घेते."

भाऊबीज झाल्यावर ती खरंच निघाली. पूनम रजा टाकून बरोबर आली. नवी पेठेतल्या मोठ्या झगझगीत दुकानात तिनं शिवानीकडून मागून आणलेला मोबाइल काउंटरवर ठेवला, सगळ्यांचं बोलणं लिहून घ्यायला. विक्रेता चुणचुणीत होता. वेग, रंग, वजन, सगळं सांगत सुटला. कमलम्मानं ते सगळं शांतपणे वाचलं.

"ह्याला कंपनी किती वर्सं बघंल?"

"आजी, एक वर्षाची वॉरंटी आहे."

"वॉरंटी न्हाय इचारली. बिघडलं तर मी दुरुस्त करून घेईन. न बिघडता बंद करायचं त्यांनी कधीचं ठरवलंय?"

विक्रेत्यानं खोका फिरवून बघितला. चारी बाजूंनी बघितला. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधाच्या गोळीवर असते, या खोक्यावर नव्हती. "असं कुणी विचारत नाही हो आजी," तो म्हणाला. मग जरा हसून, "तुम्हाला किती वर्षं पाहिजे?"

कमलम्मानं ते वाचलं. विचार करायला तिला वेळ लागला नाही.

"मी हाय तवर."

तो हसायचा थांबला.

"इचार कंपनीला," ती म्हणाली. "कळल्याबगर घेत न्हाय मी." आणि काउंटरपुढच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. पूनमनं दुसरं स्टूल ओढलं आणि सासूला खेटून बसली.

विक्रेत्यानं नाइलाजानं कंपनीचा नंबर लावला आणि फोन मोठ्यानं करून काउंटरवर ठेवला. थोडा वेळ नुसती गाण्याची धून वाजत राहिली. मग पलीकडून एक गोड आवाज आला आणि शिवानीच्या मोबाइलवर अक्षरं उमटली, 'कृपया प्रतीक्षा करा.'

कमलम्मानं वाचलं.

"थांबते की," ती म्हणाली.