गवताचं पीठ

मित्रांनो, आपली कहानी सांगाची म्हंजे आंगावरून चार पावसाळे गेले पायजेत, असं लोक मन्तात. माहं तसं नाइ. मी एक गवत कापाची मशीन हाये, अन् अजून नवीकोरी हाये. माह्या चाकाच्या रबरावरचे केसही झडले नाइत. पन जे सांगाचं हाये ते पोटात ठेवून जुनं कराचा दम माह्यात नाइ, मनून आताच सांगून टाकते.

माहा जन्म लांबच्या कारखान्यातला. कोनी माहं लोखंड ठोकलं, कोनी पात्याले धार देल्ली, कोनी इंजिन बसवलं, अन् कोनाचं नाव कळाच्या आत मले खोक्यात कोंबलं. उजेड दिसला तो राजापेठच्या एका दुकानात. तिथं मानसाले उभं राहाले जागा नाइ, अन् दुकानदारानं मले पार दारात उभं केलं. ट्यूशनची पोरं येता-जाता मले गाडी घासत. एका म्हातारीनं विचारलं का ही मच्छरायचा धूर सोडाची मशीन व्हय काय. तिच्या संगच्या मानसानं सांगतलं, नाइ, लेकराले फिरवाची गाडी हाये, सीट अजून लावाची हाये. मी काय बोलनार? मशीनले आवाज असते, तोंड नसते.

मंग एक दिवस उत्तमराव आले. भातकुली रोडवर त्यायचं लग्नाचं लॉन हाये. मोठं हिरवंगार मैदान, एका आंगाले स्टेज, मांगं स्वयंपाकाची शेड. दुकानदारानं त्यायले माहा गुन सांगतला. मने, ही गवत कापते पन बाहेर फेकत नाइ. पोटातच फिरवून फिरवून त्याचं पीठ करते अन् तिथंच मुळापाशी सोडून देते. झाडनं नाइ, उचलनं नाइ, वरून खत फुकट. उत्तमरावाले ते भलतंच पटलं.

लॉनच्या मांगच्या खोलीत देवानंद अन् शकुन, हे नवरा-बायको राहात. देवानंद फाटक सांभाळे, पानी दे. शकुन बसल्या बसल्या सरकत सरकत इळ्यानं सारं गवत कापे. अन् कापलेलं गवत तिचं, हे पयलेपासून ठरलेलं. त्याच गवतावर तिनं एक वगार वाढवली होती, म्हशीची पोर. काजल तिचं नाव. काजल गाभन होती. पावसाळ्यात ती जनली का घरी दूध येईन, दारात सोताची म्हैस राहीन, ह्याच एका आशेवर शकुन जगे. आता वैशाखात वावरात हिरवी काडी दिसत नाइ, काळी भुई नुसती तडकलेली असते. हिरवं काय ते बोरच्या पान्यावर ह्या लॉनमंधीच.

मनून मी आली त सर्वात जास्त आनंद शकुनले झाला. तिनं मले हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, हँडलले झेंडूचा हार घातला. शेजारनीले सांगे का मले जे दिवस दिवस पुरत नाइ ते ही घंट्यात करन, माही काजल पोट फुटस्तोवर खाईन. कोपऱ्यात तिनं एक जुनं लुगडंही पसरून ठेवलं, गवत बांधाले.

देवानंदनं दोरी ओढली. खरं सांगते मित्रांनो, कोवळं गवत पात्याखाली येते तवा लय मजा येते. मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली अन् वापस आली. देवानंद मांगून असा चाले, जसा ट्रॅक्टरच घेतला त्यानं. काम झालं, मले बंद केलं. शकुन आली. तिनं इकडं पायलं, तिकडं पायलं, मंग वाकून माह्या पोटाखाली पायलं.

"काहो, गवत कुठी हाये?"

"खाली हाये ना."

"खाली त जमीन हाये."

"अवं, त्याचं बारीक झालं. खत होते त्याचं."

"मंग काजलले काय खत चारू?"

देवानंद हासला. हासता हासताच त्याच्या ध्यानात आलं. शकुननं चिमूटभर हिरवं पीठ उचललं, बोटात चोळलं. मंग लुगड्याची घडी केली अन् काखेत मारली.

ती उत्तमरावाकडं गेली. उत्तमराव मानूस वाईट नाइ, हेच त अवघड. ते मनाले, "शकुन, वाकून वाकून तुही कंबर गेली वं. मले पाहावलं नाइ. तुह्यासाठीच त आनली मशीन." तरी तिनं इळ्यानं थोडं कापू देता का मनून विचारलं. उत्तमरावानं समजावलं का आता लग्नात वरून ड्रोन फिरते, इळ्याचे खड्डे फोटोत दिसतात, पार्टी नाराज होते.

आता माही लाचारी आयका. माह्या मांगच्या झाकनात एक मोठं बूच हाये. ते काढलं, अन् तिथं जाळीची थैली अडकवली, का गवताचं पीठ होत नाइ. सारं गवत ओलंच्या ओलं थैलीत येते. ती थैली माह्यासंगंच आली होती, खोक्याच्या तळाशी. पन ती पयले दिसली चंदनले. चंदन म्हंजे लॉनचा आचारी. त्याले वाटलं, वा, हवा खेळती हाये, यात सांबार चांगला राहीन. सांबार म्हंजे कोथिंबीर, आमच्या इकडं तसंच मन्तात. तवापासून माही थैली शेडमंधी खिळ्याले टांगली, सांबारानं भरलेली. लगन असलं का शकुन तिच्यातूनच जुड्या काढून निवडाले बसे, अन् उरलेली देठं पदरात बांधून काजलले ने. मी समोरच उभी. सांगू कशी? बंद असली त मी मुकी, अन् सुरू झाली त कोनालेच काही आयकू येत नाइ.

देवानंदनं आपल्याकडून केलं. स्टेजच्या मांगं एक पट्टा कापाचा सोडला. दोन खेपात तोही सरला. मंग काजल सुक्या कुटारावर, म्हंजे भुशावर आली. गाभन जनावर, तिच्या फासोळ्या दिसाले लागल्या. शेवटी देवानंदच मनाला, "उपाशी ठेवन्यापरीस देऊन टाकू. दुसऱ्याच्या घरी खाईन त." त्या दिवशी शकुननं चूल पेटवली नाइ.

अकोल्याकडचे खुशालराव टेम्पो घेऊन आले. ओलिताचं वावर हाये त्यायचं, हिरवा चारा बारमाही. चांगलं घर भेटलं, असं सारे मनाले. टेम्पो रोडवर उभा होता, मनून काजलले लॉनवरून न्याव लागलं. सकायीच देवानंदनं माह्याकडून सारं लॉन कापून घेतलं होतं, रात्री लगन होतं ना. मंधात आल्यावर काजल थांबली. तिनं मान खाली घातली अन् गवताले तोंड लावलं. काही हाती लागेना. मी इतकं बारीक कापलं होतं का दातात धराले काडी नव्हती. तिनं जीभ फिरवली, पुन्हा फिरवली. तोंड वर केलं त नाकाले नुसतं हिरवं पीठ चिकटलेलं.

शकुननं ते पदरानं पुसलं. "चाल माय," ती मनाली, "इथं आता काही नाइ."

मित्रांनो, माही निगा राखा, तेल-पानी पाहा, असं मीही मनलं असतं. ते सोडा. तुमच्या घरी नवीन मशीन आली, त ते काम आंधी कोन करे, अन् त्या कामातून त्याच्या घरी काय जाय, एवढं त्या मानसाले विचारा. मशीन सुरू कराच्या आंधी विचारा.

आज पुन्हा लगन हाये. देवानंद दोरी ओढून राह्यला.