डाव्या बाजूचे खांब

आमच्या घरात चहाचा चोथा टाकून द्यायला मला बंदी आहे. तो उन्हात वाळतो, चाळला जातो आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर, छोट्या रेल्वेच्या रुळांशेजारी, माती म्हणून पसरतो. जुन्या ब्रशचे केस म्हणजे गवत, काडेपेटीतल्या काड्या म्हणजे रुळांखालचे कुजलेले स्लीपर. गाडी काय, दुकानात मिळते. खरं काम रुळांच्या कडेला, असं आमच्या ह्यांचं मत. इंजिन थांबतं तिथे तेलाचे डाग हवेत. फाटकवाल्याच्या खोलीमागे गंजलेलं पिंप हवं आणि गंज एकाच बाजूला जास्त हवा, कारण छपराचं पाणी त्याच बाजूला गळणार. हे सगळं इतकं बारीक, आणि करणारा माणूस अंगाने चांगला भरलेला, म्हणून डेपोतले लोक ह्यांना बारीकराव म्हणतात. हे बस चालवतात. सकाळची फेरी शाळेवरून जाते.

कुरबुर सुरू झाली ती खांबांवरून. तारांचे खांब रुळांच्या दोन्ही बाजूंना लावलेले, पण पडायचे ते डावीकडचेच. आळ माझ्या फडक्यावर आला. मी ऐकून घेतलं, कारण माझा हात जड आहे हे मलाही ठाऊक आहे. मग मी त्या खोलीत फडकं नेणंच बंद केलं. तरी खांब पडतच राहिले. मग उंदीर झाला, खिडकीतला वारा झाला, शेवटी गोंदात भेसळ निघाली.

एका रविवारी मी त्या खोलीच्या दारात मटार सोलत बसले होते. ह्यांनी रंगवलेलं पिंप जागेवर ठेवायला हात लांबवला. डाव्या बाहीने दोन खांब आडवे केले आणि ह्यांना पत्ताच नाही. भर उजेडात, कोपरापाशी पडले होते खांब. हे शीळ घालत पिंपाकडे बघत होते.

मग एकेक आठवायला लागलं. चौकट नेहमी डाव्याच खांद्याला लागते. डावीकडे ठेवलेला पाण्याचा पेला हे मागतच राहतात आणि मी चिडून म्हणते, समोर तर आहे. समोर नव्हता तो, डावीकडे होता.

डोळे दाखवून या म्हटलं, तर औषधाची बाटली लांब धरून तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. समोरचं ह्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, तीच तर पंचाईत. मी म्हटलं, बसचं दार डावीकडे आहे, पोरं तिकडूनच उतरतात. हे म्हणाले, आरसा आहे ना. मी म्हटलं, आरसाही डावीकडेच आहे. त्यावर आठवडाभर आमच्यात मिठापाण्यापुरतंच बोलणं झालं.

पुढच्या रविवारी ह्यांनीच हाक मारली. पिंप वाळलं होतं, गाडी फिरवून दाखवायची होती. राग विसरायची ह्यांची हीच रीत. हे बटणापाशी उभे राहिले, नजर इंजिनावर. मी ह्यांच्या डाव्या हाताला होते. फलाटावर ह्यांनीच केलेली दप्तरवाली मुलगी होती, तांदळाच्या दाण्याएवढी. मी ती उचलली आणि डावीकडच्या फाटकासमोर रुळावर ठेवली. एरवी त्या टेबलाला माझं बोट टेकलं तरी घर डोक्यावर घेतात. त्या दिवशी अवाक्षर नाही. इंजिन तिच्यावर चढलं आणि कलंडलं.

हे म्हणाले, सांधा वर आलाय वाटतं. बोटाने रूळ चाचपत गेले आणि बोटाला ती लागली.

"ही इथे कशी आली?"

"मी ठेवली. तुमच्या शेजारी उभं राहून, तुमच्यादेखत."

ह्यांनी तिला तळहातावर घेतलं. तिच्या दप्तराचा पट्टा तुटला होता.

"बस चालवणं सुटलं तर मी काय करायचं गं?" हे म्हणाले. "दिवसभर चोथा चाळत बसू?"

राग होता, पण त्याहून जास्त कीव आली आणि त्या कीवेचाच मला राग आला. उद्या ड्यूटी आहे, एवढं बोलून हे खोलीतून निघून गेले.

सकाळी हे गेले आणि मागोमाग मीही गेले. नवऱ्याची चुगली करायला निघालेली बाई मी. डेपोत साहेबांच्या खोलीला कुलूप होतं. आवारात ह्यांची बस उभी होती, इंजिन सुरू, हे सीटवर. मी फार विचार केला नाही. जाऊन बसच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला खेटून उभी राहिले.

ह्यांनी एका आरशात पाहिलं, मग दुसऱ्या. नजर माझ्यावरून गेली आणि कुठेच थांबली नाही. ओरडायला हवं होतं. मी नुसता पत्र्याला हात टेकला. बस एकदा हिसका देऊन हातभर पुढे आली. मग इंजिन बंद झालं.

मला वाटलं, दिसले मी. जीव भांड्यात पडला.

हे पलीकडच्या दाराने उतरले आणि बसला पुढून वळसा घालून आले. हातात किल्ली, चाल साहेबांच्या खोलीच्या दिशेने. आले ते सरळ माझ्या अंगावरच आदळले. आधी दचकले, मग चाचपून माझा दंड धरला.

"अगं, तू? मी साहेबांकडेच निघालो होतो, किल्ली द्यायला." "तू कधी आलीस?"

"आत्ताच," मी म्हणाले.