निळ्या वीराची तलवार

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. मित्रांनो, घरच्या टीव्हीला जोडतात तसला छोटा नव्हे. माणसाएवढी लाकडी पेटी, छातीशी काचेचा पडदा, त्याखाली दोन दांडे आणि रंगीत बटणे असा माझा थाट होता. आता माझ्यावर पोते टाकले आहे आणि पोत्यावर एक मांजर झोपते. मांजराला माझी किंमत कळत नाही, पण निदान ते रोज येते.

माझा जन्म परदेशातला. तिथे जुना झालो तसे मला बोटीत घातले आणि न्हावा शेव्याच्या बंदरात उतरवले. तिथून पनवेलला, एसटी स्टँडमागे, कमलाकरशेठच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आलो. माझ्या पोटातली गोष्ट साधी होती. एक लाल वीर आणि एक निळा वीर तलवारी घेऊन डावीकडून उजवीकडे निघतात. वाटेत खंदक, सापळे, राक्षस. उड्या मारत, वार करत सात किल्ले पार करायचे. एकट्यालाही खेळता येई, पण दोघे असले की माझा एक नियम कडक होता. एक जण मागे राहिला, तर पडदा पुढे सरकत नसे. पुढच्याने थांबायचे, मागच्याने यायचे. सातव्या किल्ल्याच्या दाराआड काय आहे, ते पनवेलमध्ये कोणीच पाहिले नव्हते. खरे सांगतो, मलाही ठाऊक नव्हते. खेळणारा तिथे पोहोचल्याशिवाय मला तरी ते कसे दिसणार?

महादेव आणि भगवान हे उरणकडचे सख्खे भाऊ. त्यांची मिठागरे बंदरात गेली आणि दोघे बंदराच्याच ट्रेलरवर चालक झाले. नवे घर बांधताना दार कुणीकडे ठेवायचे यावरून त्यांचे वाजले. ते इतके विकोपाला गेले की घराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि बोलणे बंद झाले. एका दुपारी महादेव माझ्या तिसऱ्या किल्ल्यात एकटाच मार खात होता. योगायोगाने भगवानही तिथे आला होता. बराच वेळ तो मागे उभा राहून बघत होता. शेवटी न राहवून त्याने नाणे टाकले आणि निळ्याचा दांडा धरला.

"मागं बघ," तो म्हणाला.

"बघितला. तू उडी मार."

"थांब, मी आलो."

त्यांचे सगळे बोलणे एवढेच. पण वर्षभरात त्यांनी एवढेही केले नव्हते. मग ते दोघे ट्रेलरच्या खेपा जुळवून येऊ लागले. मी मनातून फार फुगलो. एवढ्या मोठ्या माणसांचा अबोला मोडणारा मी, असे मला वाटे.

त्यांची आई हौसा स्टँडबाहेर सुकी मासळी विकायची. एकदा तिने दाराच्या पडद्याआडून दोन्ही लेकांचे खांद्याला खांदा लावलेले पाठमोरे रूप पाहिले. ती कमलाकरशेठला म्हणाली, "आमच्या घरात बोलनं नाय ऱ्हायलं. हितं बोलतात. ही पेटी बंद पडू देऊ नको रं बाबा."

"नाही पडू देणार, मावशी," शेठ म्हणाले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दोघे पहिल्यांदा सातव्या किल्ल्याच्या दारापर्यंत गेले. तिथल्या राक्षसाने दोघांनाही लोळवले. तरी महादेव हसत होता. "दसऱ्याला ये," तो भगवानला म्हणाला. "दार उघडू. मंग घरी जाऊन आयला सोनं देऊ, दोघं मिलून."

शेठने हे हौसाला सांगितले. खंडेनवमीला हत्यारे आणि यंत्रे पुजतात, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. म्हणून मी बंद होतो. हौसा परसातला नारळ घेऊन आली. तिने मला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली आणि माझ्याच बटणांजवळच्या लोखंडी कडेवर नारळ फोडला. तिचे डोळे भरून आले होते. नारळाचे पाणी निळ्याच्या बटणांतून माझ्या पोटात शिरले. शेठने धावत फडके आणले, पण पाणी आत पोहोचले होते.

दसऱ्याला दोघे खिशात आपट्याची पाने घेऊन आले.

"तलवार उचलत नाय," भगवान म्हणाला.

"जोरात दाब."

"दाबतोच हाय."

निळा वीर चालत होता, पण हात उचलत नव्हता. लाल वीर पुढे जाऊन त्याच्यासाठी थांबला. दोघेही मेले.

"तू लाल घे," महादेव म्हणाला.

"मंग तू?"

महादेवने दांडा सोडला. खेळाबाहेरचे शब्द त्यांच्याजवळ उरलेच नव्हते. महादेव ट्रेलर भरायचा आहे म्हणून निघून गेला. थोड्या वेळाने भगवानही गेला. पाने खिशातच राहिली. मी तर ओरडून सांगितले असते, पण मला फक्त तलवारींचा खणखणाट येतो.

मिस्त्री म्हणाला, निळ्याच्या बटणांची आतली पट्टी जळली, तशी आता मिळत नाही. काही दिवस एकेक भाऊ वेगवेगळा येऊन दुरुस्तीचे विचारून गेला. मग दोघांपैकी कोणीच येईना.

हौसा मात्र विचारायची, "पोरं येतात ना?"

"येतात की, मावशी. आत्ताच गेले," शेठ खाली बघत म्हणायचे. नारळाची गोष्ट तिला सांगण्याचा धीर त्यांना कधीच झाला नाही.

पुढच्या खंडेनवमीला ती पुन्हा नारळ घेऊन आली. त्या दिवशी सगळीच यंत्रे बंद असतात, म्हणून माझा काळा पडदा बघून तिला काही वाटले नाही. शेठने नारळ हळूच तिच्या हातातून घेतला. तिने माझ्या काचेला कुंकू लावले आणि म्हणाली, "माझ्या पोरांना असंच बोलतं ठेव."

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण आम्हाला पाणी नको, कोरडे फडके हवे. आणि भावाशी जे बोलायचे ते आमच्या भरवशावर ठेवू नका. आम्ही बंद पडतो. सातव्या दाराआडचे आता मलाही कधी दिसणार नाही. पोते बाजूला केलेत तर काचेवर ते कुंकू अजून दिसेल. तेवढे पुसू नका.