सिद्धाराममामा बोलले

आरोहीनं लायब्ररीचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि सगळी पुस्तकं जमा झाल्याचा शिक्का मागितला. मंगळवेढ्याहून रोज एसटीनं येणारी ही बी.ए.ची मुलगी कॉलेज सोडून चालली होती. संख्याशास्त्राचा पेपर तिसऱ्यांदा राहिला होता.

"मामा, आकडं वाचती मी, पर डोक्यात थांबतच न्हाईत," ती म्हणाली. "सदतीसचं त्र्याहत्तर कधी हुतंय, कळत न्हाई."

लायब्ररीत शिपाई म्हणून सिद्धाराममामांची अठ्ठावीस वर्षं झाली होती. दहावीचं गणित चार वेळा राहिलं, म्हणून क्लार्क होता आलं नाही. घड्याळाचे काटे त्यांना अजून उमगत नसत. पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांकही ते बघत नसत. रंग, जाडी, फाटलेला कोपरा यांवरून एकेक पुस्तक त्यांच्या ओळखीचं झालं होतं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

शिक्का ड्रॉवरमध्येच होता. तो सापडत नाही, उद्या ये, असं त्यांनी तिला सांगितलं. आलीस की आधी हॉलमध्ये देवयानी मॅडमचं व्याख्यान ऐक, असंही सांगितलं. त्याची सूचना त्यांनीच सकाळी फलकावर लावली होती.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या देवयानी मॅडमनी विद्यार्थ्यांसमोर आणि प्राध्यापकांसमोर फळ्यावर 'डिस्कॅल्क्युलिया' असा शब्द लिहिला. काहींना आकड्यांचा अर्थ लागायलाच जड जातं, त्याचा हुशारीशी संबंध नाही, तपासणी करून घेतली तर परीक्षेत जादा वेळही मिळू शकतो, असं त्या सांगत होत्या.

गणिताचे शरच्चंद्र सर उठले. शिकवण्यात जीव ओतणारा माणूस. नवं नाव दिलं म्हणून आळस लपत नाही, सराव केला की सगळ्यांना येतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मागच्या रांगेत आरोहीनं पिशवी उचलली.

दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले सिद्धाराम तेव्हा बोलले.

"सर, सराव मी बी लई केला. बापानं मारलं, गुरुजींनी मारलं, मग माझ्या मीच थोबाडीत मारून घेतली. आज बी त्या घड्याळात किती वाजलं, मला सांगता येत न्हाय. पर तुमी मागाल ते पुस्तक मी उभ्या उभ्या काढून देतो. आळशी मानसाला हे जमलं आसतं व्हय?"

ट्रेमधल्या कपबशा वाजत होत्या. शरच्चंद्र सर दाराशी आले. त्यांनी ट्रे स्वतःच्या हातात घेतला, टेबलावर ठेवला, आणि वर्गात असा विद्यार्थी ओळखायचा कसा, असं मॅडमना विचारलं.

आरोही शिक्का घ्यायला आली नाही; ती मॅडमना आणि सरांना जाऊन भेटली. सर तिला रोज अर्धा तास चिंचोके मांडून शिकवू लागले. मध्येच चिडत, आणि स्वतःच थांबत.

मॅडमनी तपासणीसाठी दिलेल्या पत्रात आरोहीबरोबर सिद्धारामांचंही नाव घातलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली, आता काय उपयोग, असं ते म्हणत राहिले, पण तपासणीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले.

सरकारी दवाखान्याच्या बाकावर दोघं चिठ्ठ्या घेऊन बसले. भिंतीवर लाल आकडे बदलत होते. आरोहीनं चिठ्ठी पाहिली, भिंत पाहिली, पुन्हा चिठ्ठी पाहिली.

सिद्धारामांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारच्या बाईंपुढं धरल्या.

"बाई, आमाला दोघान्ला बी आकडं कळत न्हाईत. आमचा नंबर आला की सांगाल का?"

आवाज त्यांनी जराही खाली आणला नव्हता. बाईंनी चिठ्ठ्या घेतल्या आणि थोडं सरकून त्यांना नीट बसायला जागा करून दिली.