कोयत्यापासून एक हात

स्वप्नाली दिवाळीला शिरूर कासारला आली ती तोंड पाडूनच. पोरगी पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करते, तिथली दुखणी मटकीच्या उसळीनं बरी होत नाहीत, एवढं तिच्या आईला, छबुबाईला, कळत होतं. तरी उसळ केलीच.

ऊसतोडीची टोळी निघायला चार दिवस उरले होते. यंदा उसाचा फड माजलगावकडचा. छबुबाई पीठ, भांडी, ताडपत्री अशी सगळी बांधाबांध करत होती आणि स्वप्नाली उंबऱ्यावर बसून बघत होती. मधेच म्हणाली, "आई, मला बी जागा ठिव. मी बी येते तोडीला."

छबुबाईच्या हातातली सुतळी तिथंच थांबली. ही पोर फडात दिसू नये म्हणून तर वीस वर्षं ती फडात जात होती.

"कावून? कुणी काय म्हणलं का?"

"वर्षअखेरपर्यंत जमलं न्हाई तर मॅडम माझं काम बंद करणार हायेत. तीन वर्षं घातली, आई."

"काय जमंना?"

"तुला न्हाई कळायचं."

"न्हाई कळलं तर तुझं काय जातंय? सांग. आन् ती पिठाची पिशवी धर."

पिशवी धरून स्वप्नालीनं सांगितलं. कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या अंगात असतातच, पण गाठीपाशी जाऊन त्या पेंगतात. त्यांच्या अंगावर दोन तऱ्हेच्या कड्या असतात. दोन्ही ओढून एकमेकींशेजारी आणल्या तरच पेशी जागी होते. बाकीच्या पेशींवर त्यातली एकच कडी असते. त्यांना मात्र उठवायचं नाही, नाहीतर सगळं अंग तापानं फणफणतं. म्हणून तिनं प्रतिपिंडांचे, म्हणजे रोगाला पकडायला शरीर जी प्रथिनं बनवतं त्यांचे, दोन बारके तुकडे घडवले होते. एक या कडीला धरणारा, दुसरा त्या कडीला. आणि दोघांना मण्यांच्या माळेसारख्या एका दोरीनं जोडलं होतं.

"मग? धरत न्हाईत का?"

"धरतात की. गच्च धरतात. पण पेशी उठतच न्हाई."

"दोरी केवढी हाय?"

"तीस मण्यांची."

"येवढी लांब कावून?"

"दोघांना मोकळं हलता यावं म्हणून. आखडली तर एकमेकांच्या आड येतील."

छबुबाईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला तरी थांबेना. "तुझे तुकडे लई लाजरे हायेत गं. नव्या सुनंवानी."

मग तिनं आपलीच गोष्ट काढली. लग्नानंतरचा पहिला हंगाम. नवऱ्यानं पुढं तोडायचं, बायकोनं मागं गोळा करून मोळी बांधायची, अशा जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. पण शेजारच्या सरीत सासरा. त्याच्यादेखत नवऱ्याजवळ कसं जायचं? म्हणून ही बाई पंधरा पावलं मागं. दोघं दिवसभर राबले आणि संध्याकाळी बघावं तर ऊस नुसता पसरलेला. मुकादम आप्पाराव सगळ्यांसमोर ओरडले होते, "सूनबाई, लगीन झालंय का नुसती वळख हाय?"

"दुसऱ्या दिशी इरेला पडून चिटकूनच गेले. तर हे." छबुबाईनं मनगटावरचा वण दाखवला. "तिसऱ्या दिशी समजलं. कोयत्याच्या फेऱ्यापासून एक हात. त्याच्या हातातनं ऊस सुटतो तवर माझा हात तिथं. लांब न्हाई, जवळ न्हाई."

स्वप्नाली उठली. हातातली पिशवी सुटली, निम्मं पीठ अंगणात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गेलीसुद्धा. छबुबाई पीठ चाळत बसली आणि सुग्रीव, तिचा नवरा, विचारत राहिला, "आगं, भांडलाव का दोघी?"

फोन आला तो डिसेंबरात, ऐन दुपारी, फडात.

"आई, उठली!"

छबुबाईच्या काखेतला ऊस खाली पडला. "कंच्या दोरीला?"

"चार मण्यांची केली तर तुकडे एकमेकांवर आदळले, धरलंच न्हाई. बारा मण्यांना नुसती चुळबुळ. पण आठ मण्यांना, आई, सगळ्या उठल्या! तीनदा करून बघितलं. तिन्ही बारीला."

"आन् त्या दुसऱ्या? एका कडीच्या?"

स्वप्नाली पलीकडून हसली. "त्या ढाराढूर. मॅडमनी बी पहिलं हेच विचारलं."

"म्हंजी औषध झालं?"

"न्हाई गं. अजून उंदरं, मग माणसं. दहा वर्षं तरी जातील. पण काम बंद न्हाई. मॅडम म्हणल्या, हे आता तूच पुढं न्यायचं."

"मग फडात येत न्हाईस ना?"

"न्हाई, आई."

हा एक 'न्हाई' ऐकायला छबुबाई दीड महिना कान लावून होती.

"ए, सरी कावून थांबली?" आप्पाराव काठी टेकत आले. आता सत्तरी गाठलेले, पण आवाज तोच. छबुबाईनं सांगितलं. त्यांनी जेवढं कळलं तेवढं ऐकलं आणि छाती पुढं काढली. "म्हंजी माझ्या वरडण्यातनं निघालं म्हण की!" पाचच मिनिटांत ते ट्रॅक्टरवाल्याला सांगत होते, कॅन्सरवरचं औषध आमच्या टोळीनं काढलंय.

"दहा वर्षं लागतील, मुकादम!" छबुबाई इकडून ओरडली.

"लागू दे की! मला कुठं जायाची घाई हाय?"

सुग्रीव तिकडं तोंड करून डोळे पुसत होता. "कुसळ गेलं," म्हणाला. एकाच वेळी दोन्ही डोळ्यांत.

छबुबाईनं त्याच्या हातातला कोयता काढून घेतला. "आज मी तोडते. तुमी बांधा."

तिनं सपकन पहिला ऊस बुडाशी तोडला, शेंड्याचं वाढं छाटलं, मागं टाकला. तो पाचटात पडला. सुग्रीव दहा पावलांवर उभा, अख्ख्या टोळीदेखत लाजून चूर.

"आवं, तिकडं कुठं?" छबुबाई कडाडली. "एक हात!"